विकसनशील देशांतले किमान वेतन आणि त्याची अंमलबजावणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामगार, संघटनांचे कार्यकर्ते, लहान उद्योजक आणि विद्यार्थी यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हिशेबाच्या उदाहरणांतल्या रकमा हिशेब समजावा म्हणून धरल्या आहेत. त्या कुठल्या देशाचे दर म्हणून वाचू नका.

१. किमान वेतन म्हणजे घर चालेल एवढा पगार का?

असेलच असे नाही. ज्याच्या खाली पगार देणे बेकायदा ठरते, तो आकडा म्हणजे किमान वेतन. घर चालायला किती लागते हा हिशेब वेगळा असतो. भारतात १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने तो मांडला होता: एका कमावत्यामागे तीन उपभोग घटक (एका प्रौढाच्या गरजेएवढा खप म्हणजे एक घटक), प्रत्येकी रोज २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेसाठी एकूण वेतनाचा २० टक्के भाग. शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेट या कंपनीच्या प्रकरणात सांगितले. प्रत्यक्षात जाहीर होणारे दर या हिशेबाच्या बरेच मागे असू शकतात. दर अपुरा असणे आणि ठरलेला दरही न मिळणे ही दोन वेगळी दुखणी आहेत. हे पान दुसऱ्याबद्दल आहे.

२. मला लागू होणारा दर नेमका कोणता, हे कसं शोधू?

देशागणिक पद्धत बदलते. दक्षिण आफ्रिकेत १ जानेवारी २०१९ पासून देशभर तासाचा एक राष्ट्रीय दर आहे. ब्राझीलमध्ये महिन्याचा एकच राष्ट्रीय आकडा आहे. व्हिएतनामने देशाचे चार विभाग पाडले असून २०२२ पासून तिथे महिन्याबरोबर तासाचाही दर जाहीर होतो. बांगलादेशात उद्योगवार वेतन मंडळे बसतात. भारतात बहुतेक उद्योगांचा दर राज्य ठरवते, आणि त्यात व्यवसाय, कौशल्याची पायरी आणि परिमंडळ (दरासाठी पाडलेला भौगोलिक विभाग) यांप्रमाणे फरक पडतो.

म्हणून चार गोष्टी ठरवल्याशिवाय दर शोधायला जाऊ नका: तुमची आस्थापना कोणत्या उद्योगात मोडते, काम कोणत्या परिमंडळात चालते, तुम्ही कुशल, अर्धकुशल की अकुशल, आणि पगार कोणत्या तारखेचा. शेवटचा मुद्दा हमखास राहून जातो. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता (महागाईनुसार बदलणारा भाग) जानेवारी आणि जुलैत बदलतो, त्यामुळे मूळ अधिसूचनेतला आकडा घेऊन केलेला हिशेब कमीच भरतो. चूक सहसा कौशल्याच्या रकान्यात दडलेली असते. चार वर्षे लेथ चालवणारा माणूस कागदावर 'मदतनीस' असतो. पगारचिठ्ठीवर काय लिहिले आहे यापेक्षा हाताला कोणते काम आहे, ते महत्त्वाचे.

३. महिन्याचा पगार तर किमान वेतनापेक्षा जास्त आहे. म्हणजे सगळं ठीक ना?

तास मोजल्याशिवाय सांगता येत नाही. आमच्याकडे येणाऱ्या हिशेबांत सर्वांत जास्त पैसा इथेच बुडालेला दिसतो.

समजा किमान वेतन महिन्याला १३,००० आहे आणि कामाचा आठवडा ४८ तासांचा. ४८ ला ५२ ने गुणून १२ ने भागले की महिन्याचे २०८ तास येतात. १३,००० भागिले २०८ म्हणजे तासाला ६२.५०. आता एका सुरक्षारक्षकाला महिना १४,००० मिळतात आणि तो २६ दिवस बारा-बारा तास उभा असतो. एकूण तास ३१२. त्यातले २०८ नेहमीच्या दराने: १३,०००. उरलेले १०४ तास जादा कामाचे. भारतासारख्या देशात जादा कामाला दुप्पट दर आहे, म्हणजे १०४ गुणिले १२५: आणखी १३,०००. देणे झाले २६,०००, हातात आले १४,०००. दरमहा १२,००० ची तूट, आणि पगारपत्रकावर 'किमान वेतनापेक्षा जास्त'.

आणखी दोन चुका. पहिली, महिन्याच्या दराला ३० ने भागून दिवसाचा दर काढणे. जिथे आठवड्याची सुट्टी महिन्याच्या दरातच धरलेली आहे, तिथे २६ ने भागायचे असते. ३० ने भागून फक्त कामाच्या दिवसांचा पगार काढला की दर महिन्याला चार दिवस गायब होतात. दुसरी, तासांचा आकडा दुसऱ्या देशातून उचलणे. दक्षिण आफ्रिकेत आठवडा ४५ तासांचा, त्यामुळे तिथे महिना १९५ तासांचा धरतात. २०८ तिथे चालत नाही.

४. जेवण, राहणं, बोनस, टिप हे किमान वेतनात धरता येतं का?

इथे सगळे कायद्याच्या व्याख्येवर अवलंबून आहे. दक्षिण आफ्रिकेने रेघ स्पष्ट ओढली आहे: प्रवास, अवजारे, जेवण आणि निवास यांचे भत्ते, वस्तुरूपात दिलेले, बोनस, टिप, भेटी यांतले काहीच मोजायचे नाही. ब्राझीलमध्ये काही भाग वस्तुरूपात चालतो, पण किमान वेतनाचा निदान ३० टक्के भाग रोखीत द्यावाच लागतो. भारताची वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात वस्तुरूप मोबदला एकूण वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंतच वेतन म्हणून धरला जातो. शिवाय वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच मोजतात.

पगाराची फोड का बघायची, हे बांगलादेशातल्या तयार कपड्यांच्या उद्योगातून कळते. १ डिसेंबर २०२३ पासून तिथली सर्वांत खालची श्रेणी महिना १२,५०० टाका (बांगलादेशाचे चलन) झाली, पण त्यात मूळ पगार ६,७०० चाच आहे. बाकी घरभाडे, औषधोपचार, प्रवास आणि जेवण. जादा कामाचा दर मूळ पगारावर निघतो: ६,७०० भागिले २०८, गुणिले दोन, म्हणजे तासाला सुमारे ६४ टाका. मूळ पगार जितका लहान, तितका ओव्हरटाइम स्वस्त.

५. नगावर काम असलं तर किमान वेतन लागू होतं का?

बहुतेक कायद्यांत होते. साध्या गतीच्या कामगाराला साध्या दिवसात किमान वेतन सुटेल असा नगाचा दर असला पाहिजे. दिवसाचे किमान वेतन ४८० आणि सर्वसाधारण कामगार आठ तासांत ३०० नग करत असेल, तर नगाला १.६० हा तळ.

वाद त्या ३०० वर होतो. कंत्राटदार सर्वांत चपळ बाईला शेजारी बसवून अर्धा तास घड्याळ लावतो आणि दिवसाला ४०० नग निघतात म्हणतो. दर १.२० वर येतो आणि बाकीच्यांना ३६० सुटतात. चाचणी करायची तर वेगवेगळ्या वयाच्या आणि सरावाच्या कामगारांवर, पूर्ण पाळीभर करा. पाणी, लघवी, दोरा संपणे, वीज जाणे, मालाची वाट पाहणे हे सगळे त्यात येऊ द्या.

घरी बसून होणाऱ्या कामात आणखी गळती असते. विडी वळणाऱ्या बाईला दर हजारी मिळतो, पण पाने कमी किंवा फाटकी आली तर हजार भरायला तिला पदरच्या पैशाने पाने घ्यावी लागतात, आणि छाटात (नापास म्हणून बाजूला) गेलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. पान भिजवणे, कापणे, माल पोहोचवणे यांचे तास कुणी धरत नाही. घरातली मुलगी मदतीला बसली तर दोघींचे काम एकीच्या कार्डावर चढते, आणि कागदावर कमाई बरी दिसते. हिशेब करताना नगांच्या पैशातून साहित्य आणि प्रवास वजा करा, मग सर्व माणसांच्या एकूण तासांनी भागा.

६. गणवेश, तुटफूट, उचल यांची कपात करून हातात किमान वेतनापेक्षा कमी आलं तर?

कर, भविष्यनिर्वाह निधी, विमा या कायदेशीर कपातींमुळे हातातली रक्कम कमी झाली, तर तो सहसा भंग ठरत नाही. मालकाच्या धंद्याचा खर्च कामगारावर टाकणे वेगळे. नोकरी मिळवून दिल्याबद्दल मालकाला, मध्यस्थाला किंवा भरती करणाऱ्याला पगारातून पैसे कापून देण्याला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९४९ चा वेतन संरक्षण करार, क्रमांक ९५, मनाई करतो. भारतात कपातीच्या परवानगीची यादी कायद्यात आहे, आणि एकूण कपात वेतनाच्या ५० टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही.

उचलीचे गणित अवघड असते. ऊसतोडीत नवरा-बायकोला मिळून 'एक कोयता' धरतात, हंगामाआधी उचल दिली जाते आणि टनावर मजुरी फेडीत वळती होते. इथे आधी दोन माणसांचे दिवस आणि तास वेगळे मांडा, त्यावरून देय मजुरी काढा आणि मगच उचल वजा करा. उलट क्रमाने गेलात तर मुकादमाच्या वहीतलाच आकडा येईल.

७. कायदा आहे, मग पाळला का जात नाही? लोकांना माहीत नसतं म्हणून?

माहिती नसणे हे कारण आहे, पण आमच्या मते ते पहिले नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२० च्या अंदाजानुसार जगभरात २६ कोटी ६० लाख पगारदारांना तासाच्या किमान वेतनाहून कमी मिळत होते. काहींना कायदाच लागू नव्हता, बाकीच्यांच्या बाबतीत तो मोडला जात होता. स्त्रिया, ग्रामीण कामगार आणि असंघटित क्षेत्रातले लोक यांत जास्त सापडतात.

तपासणीचे गणित करून बघा. कमी विकसित देशांत ४०,००० कामगारांमागे एक निरीक्षक असावा, असा त्याच संघटनेचा निकष आहे. एका आस्थापनेत सरासरी दहा कामगार धरले तर निरीक्षकाच्या वाट्याला ४,००० आस्थापना येतात. दिवसाला एक भेट आणि वर्षाला २०० भेटी धरल्या, तर एक फेरी वीस वर्षांनी पूर्ण होते. अंदाजपंचे भेटी देऊन काही साधत नाही, ते यामुळेच. कोस्टा रिकाने ऑगस्ट २०१० मध्ये किमान वेतनाची राष्ट्रीय मोहीम काढली, तेव्हा कामगारांना निनावी फोन करून तक्रार द्यायला सांगितले आणि जिथे भंगाची शक्यता जास्त तिथे निरीक्षक वळवले.

८. कागदपत्रं चोख असतात. मग कमी पगार दिला जातो तो कसा?

नेहमीचे प्रकार असे:

हजेरीत दिवस कमी दाखवणे. दिवसाचा दर ५२०, प्रत्यक्षात ३०० देऊन २६ दिवस काम करून घेतले: ७,८००. मस्टरवर १५ दिवस लिहिले की १५ गुणिले ५२० चेही ७,८०० च होतात. दर बरोबर, बेरीज बरोबर, सही खरी. पकडायचे असेल तर गेटची वही, उत्पादनाची नोंद आणि वीजवापर मस्टरशेजारी ठेवा. अर्धा महिनाच माणसे कामावर होती, तर माल कुणी बनवला?

बँकेत पूर्ण पगार टाकून रोखीने परत घेणे. एटीएम कार्ड ठेकेदाराच्या खिशात असते. एकाच यंत्रातून, पगाराच्याच दिवशी, काही मिनिटांच्या अंतराने अनेक खात्यांतून सारखीच रक्कम निघाली असेल, तर आणखी काय हवे!

प्रशिक्षणार्थी किंवा भागीदार म्हणणे. तिसऱ्या वर्षीही 'ट्रेनी' असणारा माणूस ट्रेनी नसतो.

पाळीच्या आधी अर्धा तास बोलावून यंत्र साफ करून घेणे, आणि पंचिंग त्यानंतर. रोजचा अर्धा तास २६ दिवसांत १३ तासांवर जातो.

९. आमचा धंदा अगदी छोटा आहे. खरंच परवडत नाही. सूट मिळते का?

काही देशांत मिळते, पण बऱ्याचदा नोंदणी किंवा अर्ज करावा लागतो. फिलिपिन्समध्ये २००२ च्या कायद्याखाली नोंदवलेल्या बारांगाय (गाव-वस्ती पातळीवरच्या) सूक्ष्म उद्योगांना किमान वेतनातून सूट आहे; सामाजिक सुरक्षेचे लाभ मात्र द्यावे लागतात. इंडोनेशियात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना वेगळा, कमी तळ आहे. दक्षिण आफ्रिकेत मालक अर्ज करून मुदतीची सूट मागू शकतो, तरी राष्ट्रीय दराच्या ९० टक्क्यांखाली जाता येत नाही. भारतात 'परवडत नाही' हा बचाव न्यायालये मानत नाहीत. पैशाची चणचण खरी असेल तर तास कमी करा, पाळ्या बदला. दर कमी करू नका.

१०. मी स्वखुशीने कमी पगारावर तयार आहे असं लिहून दिलंय. आता तक्रार करता येईल?

येईल. किमान वेतनाचा हक्क करार करून सोडता येत नाही. तशी सही निरर्थक आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, आशियाई खेळांच्या बांधकामांवरच्या मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनाहून कमी मजुरीवर करून घेतलेले काम राज्यघटनेच्या कलम २३ मधली वेठबिगारी ठरवले. पुढच्याच वर्षी राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या प्रकरणातही न्यायालयाने तेच सूत्र धरले.

११. मी ठेकेदाराचा माणूस आहे. मुख्य कंपनी हात वर करते. जबाबदार कोण?

पहिली जबाबदारी ठेकेदाराची. भारतात त्याने पगार थकवला तर ज्याची आस्थापना, त्या मूळ मालकावर ती येते; अनेक देशांत अशीच तरतूद आहे. तक्रारीत दोघांनाही सामील करा.

भंग बहुतेकदा निविदेतच ठरलेला असतो. कंत्राटाची मासिक रक्कम घ्या, कामगारांच्या संख्येने भागा, त्यातून मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा, विमा, बदली रजा, साहित्य आणि सेवाशुल्क वजा करा. उरलेली रक्कम किमान वेतनाखाली असेल, तर ठेकेदार कितीही सज्जन असला तरी पूर्ण पगार देऊ शकत नाही. सरकारी कार्यालयांच्या साफसफाईच्या निविदांनाही हा हिशेब लावून पाहा.

१२. घरकाम, शेतमजुरी, ॲपवरची डिलिव्हरी यांना हे लागू आहे का?

घरकामगारांना किमान वेतनाचे संरक्षण असावे, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०११ चा करार क्रमांक १८९ सांगतो. दक्षिण आफ्रिकेने सुरुवातीला शेतमजूर आणि घरकामगारांसाठी कमी दर ठेवले होते. २०२१ मध्ये शेतमजूर आणि २०२२ मध्ये घरकामगार पूर्ण दरावर आले. ॲपवरच्या कामात आधी कामगार की स्वतंत्र व्यावसायिक हा वाद सुटावा लागतो. तो सुटेपर्यंत ऑर्डरची वाट पाहण्याचे तास आणि पेट्रोल यांची नोंद ठेवा.

असंघटित क्षेत्रात कायदा अजिबात झिरपत नाही, असेही नाही. ब्राझीलमध्ये नोंदणी नसलेल्या कामगारांचे पगारसुद्धा राष्ट्रीय आकड्याभोवती गोळा होतात. तिथले अर्थतज्ज्ञ याला दीपस्तंभाचा परिणाम म्हणतात.

१३. तक्रारीसाठी पुरावा काय लागतो? माझ्याकडे नेमणूकपत्रही नाही.

नेमणूकपत्राशिवाय चालते. भारताच्या वेतन संहितेत पगार कमी दिल्याचा दावा झाला, तर पैसे दिल्याचे सिद्ध करणे मालकाच्या अंगावर आहे. पण तुम्ही तिथे काम करत होता एवढे तुम्हालाच दाखवावे लागते. उपयोगी पडते ते असे: गेटपास, गणवेशातला कामाच्या जागेचा फोटो, मुकादमाचे 'उद्या सातला ये' असे मेसेज, बँकेचे उतारे, बसचा पास, दोन सहकाऱ्यांची नावे. रोज वेळ लिहिलेली खिशातली वही सर्वांत मोलाची. मात्र ती त्या-त्या दिवशी लिहिलेली हवी. एका बसणीत, एकाच शाईने भरलेली वही उलटतपासणीत टिकत नाही.

मुदत पाहा. भारतात १९४८ च्या जुन्या किमान वेतन कायद्याखाली सहा महिने होती, संहितेत ती तीन वर्षे आहे. कामावर असतानाच तक्रार करायची असेल तर एकट्याने जाण्यापेक्षा पाच-सहा जणांनी किंवा संघटनेमार्फत जा. नोकरी सोडल्यावरही दावा चालतो.

१४. शिक्षा काय होते? दंड भरून मालक सुटतो का?

दंड आणि थकबाकी यांत गल्लत नको. वीस कामगार, प्रत्येकी दरमहा ३,००० ची तूट: वर्षाला ७,२०,००० वाचले. भारतात पहिल्या गुन्ह्याला दंड ५०,००० रुपयांपर्यंत, आणि खटल्याआधी निरीक्षकाने दुरुस्तीची संधी द्यायची असते. नुसता दंड म्हणजे किरकोळ खर्च. धाक बसतो तो दावा मंजूर झाला तर, कारण दाव्याचा निवाडा करणारा प्राधिकारी मूळ रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई देऊ शकतो. दक्षिण आफ्रिकेत दंडच तुटीला जोडलेला आहे: तुटीची दुप्पट किंवा मासिक पगाराची दुप्पट, यांपैकी जी जास्त ती, पुन्हा केले तर तिप्पट. फिलिपिन्समध्ये वाढीव दर न देणाऱ्याला थकबाकीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. म्हणून दंडाच्या तक्रारीवर थांबू नका, वसुलीचा दावा वेगळा टाका.

१५. नवा दर लागू झाला, पण मालकाने भत्ते कापून एकूण पगार तेवढाच ठेवला. हे चालतं का?

तीन गोष्टी तपासा. कापलेला भत्ता आधी किमान वेतनात धरला जात होता का. नसेल, तर तो कापून नवा दर 'भरता' येत नाही (प्रश्न ४). भत्ता करारात, निवाड्यात किंवा दीर्घ प्रथेत होता का. असेल, तर नोटीस आणि संमतीशिवाय काढता येत नाही. आणि तास बदलले का. कागदावर आठाचे सहा तास करून काम तेवढेच घेतले जात असेल, तर प्रश्न ३ मधला हिशेब नव्या दराने आणि खऱ्या तासांनी पुन्हा मांडा. दर मागच्या तारखेपासून लागू झाला असेल तर मधल्या महिन्यांचा फरक मागा, आणि त्या काळातल्या जादा कामाचाही. तो फरक पगारपत्रकात वेगळ्या ओळीवर, महिन्यांच्या नावांसह घ्यायला सांगा. 'ॲडव्हान्स' म्हणून दिला, तर पुढच्या महिन्यात तोच कापला जातो.